दोन थापांचे दार

नोकरीतल्या बऱ्याच घटना आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कुठली चोरी भूमची आणि कुठली परंड्याची, हे सांगताना हल्ली मी अडखळतो. पण तेरच्या वाटेवरच्या जिनातली ती दुपार, तारीख सोडली तर सगळीच्या सगळी डोळ्यांपुढे आहे. नावे लिहीत नाही. त्यातल्या काहींची नातवंडे आज याच जिल्ह्यात नोकऱ्या करतात, आणि ज्या गेल्या त्यांची नावे त्यांच्या घरच्यांनी घ्यावीत, मी नव्हे.

काळ निजामाचा. सरकारी कागदावर जिल्हा उस्मानाबाद आणि लोकांच्या तोंडी धाराशिव. मी नवा अमीन होतो. अमीन म्हणजे आजचा फौजदार. कागद उर्दूत, शिव्या दख्खनीत आणि फिर्यादी मराठीत, असा आमच्या ठाण्याचा कारभार होता. माझे उर्दू अक्षर चांगले होते, त्यामुळे वरिष्ठ माझ्यावर खूश असत आणि मी स्वतःवर त्याहून जास्त खूश असे.

जिन म्हणजे कापसातली सरकी काढून रुई वेगळी करणारा कारखाना. हे जिन म्हणजे पत्र्याची एक लांबलचक खोली होती. तिच्यात यंत्रांच्या दोन रांगा आणि प्रत्येक यंत्रापुढे कापूस घालायला एक बाई. बायका आसपासच्या खेड्यांतल्या, हिंदू आणि मुसलमान दोन्ही. रुई चोरीला जाते म्हणून मॅनेजरने बंदोबस्त कडक ठेवला होता. खिडक्या उंचावर आणि गजांच्या. बायकांना येण्याजाण्याला एकच दार, आणि काम चालू असताना त्याला बाहेरून साखळी घालून कुलूप. किल्ली पहारेकऱ्याच्या कमरेला.

सुटी होण्याची रीत ठरलेली होती. भोंगा वाजला की पहारेकरी कुलूप काढी आणि बायका आतल्या बाजूला दारापाशी रांग लावत. झडती घ्यायला एक पोक्त बाई नेमलेली होती, तिला सगळ्या मावशी म्हणत. एकेक बाई मावशीपुढे उभी राही, पदर झटके, ओचा झटके, अंबाडा सोडून दाखवी. मावशीची खात्री पटली की ती दारावर दोन थापा मारी. थापा ऐकल्या की बाहेरचा पहारेकरी दार आत ढकलून एका बाईपुरते उघडी आणि ती बाहेर पडली की पुन्हा ओढून घेई. वर्षानुवर्षे हे असेच चाललेले. आतल्या एकाही बाईने ते दार स्वतः कधी ओढून उघडले नव्हते. हे वाक्य आज मी सहज लिहितो आहे, पण ते कळायला मला आठ दिवस लागले.

वर्दी आली तेव्हा दुपार कलली होती. कापसातून खडा आला, यंत्रात ठिणगी पडली आणि रुईने पेट घेतला. मी, जमादार आणि चार जवान पोचलो तोवर गावकऱ्यांनी विहिरीचे पाणी ओतून आग बरीच आटोक्यात आणली होती. चाळीसेक बायका बाहेर अंगणात बसलेल्या होत्या. कुणी खोकत होती, कुणी आपल्या माणसाला हाका मारत होती. पाच जणी दारापाशीच राहिल्या. त्यांच्या अंगावर भाजल्याच्या खुणा थोड्याच होत्या. धुराने आणि चेंगरण्याने त्या गेल्या, असे डॉक्टरांनी नंतर लिहून दिले.

लोकांनी पहारेकऱ्याला धरून ठेवले होते. साठीचा माणूस. चाऊस होता, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या या मुलखात पहाऱ्याची कामे करणाऱ्या अरब घराण्यातला. सगळे त्याला चाऊसचाचा म्हणत. त्याच्या दोन्ही तळहातांची सालटी निघाली होती.

"ह्येनं दार उघडलं न्हाय," एक जण म्हणाला. "आत बाया मरत हुत्या आन् ह्यो किल्ली घिऊन हुबा हुता."

बायकांना विचारले, तर त्याही तेच म्हणाल्या. दाराला कुलूप होते, आम्ही ढकलले, उघडले नाही. मावशीचा जबाबही तोच, शिवाय तळतळाट वेगळा. कुलूप मात्र साखळीला उघडे लटकत होते आणि किल्ली त्यातच होती. मॅनेजर म्हणाला, "ते त्यानं मागाहून उघडलं, अमीनसाहेब. माझ्या हुकमाची वाट पाहत बसला. मी जेवायला घरी गेलेलो, नाहीतर असं होऊ दिलं असतं का?"

मी म्हाताऱ्याला ताब्यात घेतले. गुन्ह्यासाठी घेतले हे खरे, पण तिथे आणखी घटकाभर ठेवला असता तर लोकांनी त्याला जिवंत ठेवले नसते, हेही खरे. त्या दिवसांत हिंदू-मुसलमानांत कुजबुज चालू झालेली होती. मेलेल्या पाच जणींत दोन मुसलमान होत्या, तरी कुजबुजीला तेवढे गणित कुठे जमते. मोहतमीम साहेब, म्हणजे जिल्ह्याचे पोलीस प्रमुख, यांचा निरोप आला की आठ दिवसांत मनुष्यवधाचा खटला उभा करा. म्हाताऱ्याला पुढचे आयुष्य तुरुंगात काढावे लागणार हे ठाण्यातला पाणक्यासुद्धा जाणून होता.

मी कोठडीत त्याच्यासमोर बसलो.

"ताला मैं तुरत खोल्या, साब," तो म्हणाला. "चिल्लाने की आवाज आई और खोल्या."

"मग?"

"फिर दरवाजाच नै खुल्या."

"का नाही उघडले?"

तो आपल्या फडके बांधलेल्या हातांकडे पाहत राहिला. "बस, नै खुल्या."

मार खाऊनही न बोलणारे लोक मी पाहिले होते आणि न विचारता भडाभडा बोलणारेही. पण प्रश्न आल्यावर जो आपल्या हातांकडे बघतो, त्याने काहीतरी मागे ठेवलेले असते. म्हाताऱ्याने काय मागे ठेवले आहे ते मला कळेना, आणि त्याचा मला रागही आला.

चौथ्या दिवशी एक गाडीवान बैल हरवल्याची फिर्याद घेऊन ठाण्यात आला. त्याचे दोन्ही बैल बाहेर गाडीला जुंपलेले खिडकीतून दिसत होते. जमादार म्हणाला, "तिसरा बैल होता का रे तुझा?" मी जमादाराला चहा आणायला पिटाळले आणि गाडीवानाला आत घेतले.

"बैलाचं सोडा सायेब," तो म्हणाला. "चाऊसचाचा गुन्हेगार न्हाय. त्या टायमाला माझी गाडी जिनाच्या मागल्या दाराला लागली हुती, रुई भराया. त्ये दार सताड उघडं हुतं."

"कुठले दार?"

"रुईचं दार. धूर निघाला तसं म्या बैल वढून गाडी लांब केली आन् आत तोंड घालून वरडलो, बायांनो, हिकडं या. एकीनंबी वळून बघितलं न्हाय. समद्या तिकडल्या दाराकडं पळाल्या."

"हे इतके दिवस का नाही सांगितलेस?"

"मॅनेजर म्हणला, तू दार उघडं ठिवलंस म्हणून वारा आत गेला आन् आग भडकली, असं सांगीन. लई भ्यालो सायेब. पर म्हातारं कोठडीत हाय म्हणल्यावर घास उतरंना."

माझ्या पंचनाम्यात स्पष्ट लिहिलेले होते की दुसरे दार बंद. बंद होते, कारण आम्ही पोचण्यापूर्वी मॅनेजरने ते लावून घेतले होते, आणि मी सुंदर अक्षरात ते तसेच उतरवून घेतले होते. त्या दाराला मी बोटसुद्धा लावले नव्हते. आपल्या अक्षराचा मला पहिल्यांदाच कंटाळा आला.

लगेच जिनात गेलो. शेवटच्या यंत्रापासून रुईचे दार दहा पावलांवर होते. मी दोनदा मोजली. बायकांचे दार पाऊणशे पावलांवर. दहा पावले सोडून पाऊणशे पावले धूर कापत बायका का पळाल्या? आगीने वाट अडवली म्हणावे, तर यंत्र पेटले ते मधले, आणि काही बायका त्या आगीच्या कडेकडेने पुढच्या दाराकडे गेल्या होत्या. मागल्या टोकाच्या बायकांना मी त्यांच्या गावी जाऊन भेटलो. एकीच्या हाताला भाजल्याचे फडके होते. तिला विचारले, "मागचे दार उघडे होते, ठाऊक होते का?"

"व्हय की. वारा येत हुता तिकडून."

"मग त्या दाराने का नाही गेलात?"

माझ्याकडे तिने असे पाहिले, जणू मीच काहीतरी अचरट बोललो.

"त्या दारानं आमी जात न्हाय सायेब. त्ये रुईचं दार हाय. तिकडं नुसतं पाय टाकला तरी चोर म्हणून काढून टाकत्यात. गेल्या साली दोघींना काढलं."

"अहो, पण आग लागली होती."

"व्हय," ती म्हणाली. मग हातावरचे फडके सारखे करत म्हणाली, "ध्यानातच आलं न्हाय."

पुढे एवढी वर्षे मी माणसांचे जबाब घेतले, पण इतके खरे वाक्य क्वचितच ऐकले.

आता कुलपाचे राहिले होते. मी मावशीला आणि या फडकेवाल्या बाईला दिवसाउजेडी जिनात बोलावले. यंत्रे बंद, पत्रे वाकलेले, जळक्या रुईचा वास अजून कोंदलेला. मावशीला म्हटले, "तुम्ही तेव्हा जिथे होतात तिथे उभ्या राहा." ती दारालगत आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली. बाईला यंत्रापाशी उभे केले आणि म्हटले, "त्या दिवशी जशा निघालात तशा या. काही बोलू नका."

ती निघाली. आधी चालत, मग अर्धवट पळत. धापा टाकत मावशीपुढे आली आणि थांबली. तिला कुणी थांब म्हटले नव्हते. फडके बांधलेल्या हाताने तिने पदर धरला आणि झटकला. त्याच क्षणी मावशीचा हात तिच्या ओच्याकडे पुढे झाला.

दोघी तशाच राहिल्या. मग मावशीने हात ओढून घेतला आणि खाली बसली.

"त्या दिशीबी आसंच झालं," ती म्हणाली. "सायेब, त्या दिशीबी म्या हात पुढं केला. आग मला दिसत हुती. पहिली आली ती पदर झटकाया थांबली, आन् माझा हात आपसूक गेला. तेवढ्यात मागल्या समद्या येऊन धडकल्या."

"पहिली कोण होती?"

"माझी जाऊ." तिने पदर तोंडाशी धरला. "घरच्या बाईला सोडती असं कुणी म्हणू नये म्हणून तिची झडती म्या रोज दुप्पट घ्यायची."

जाऊ त्या पाच जणींत होती. ठाण्यात बसून दिलेल्या जबाबात मावशीने पहारेकऱ्याला एवढे शिव्याशाप का दिले, ते मला तेव्हा कळले. तिला दुसरा कुणीतरी गुन्हेगार हवा होता, नाहीतर ती स्वतः उरत होती. मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही, वाईटच वाटले.

थोडा वेळ जाऊ देऊन मी विचारले, "मावशी, देवाला स्मरून सांगा. साखळीचा आवाज ऐकला होतात?"

तिने तोंडावरचा पदर खाली घेतला.

"ऐकला," ती म्हणाली. "वरडा सुरू झाला तशी लगीच साखळी खाली पडली. खळ्‌कन वाजली. मला वाटलं, आता दार उघडंल."

म्हणजे कुलूप निघाले होते. मग दार का उघडले नाही? मी चार जवान, जमादार आणि गावातले सहा जण आत दाराला रेटा देऊन उभे केले आणि बाहेरून, कुलूप न लावता, स्वतः दार ढकलले. मी तेव्हा तालमीतला गडी होतो. दार बोटभरही हलले नाही. ते आत उघडणारे दार होते. आतली माणसे जितक्या जोराने बाहेर यायला बघतील तितके ते घट्ट बसणार. आतून जमादार ओरडला, "साहेब, कुलूप लावलं की काय?" मी म्हटले, "तुला काय वाटते?" तो म्हणाला, "लावलंय." त्याच्या डोळ्यांदेखत साखळी काढून मी बाहेर गेलो होतो, तरी दार हलेना म्हटल्यावर त्याच्या लेखी कुलूप लागले. बायका खोटे बोलत नव्हत्या. जे दार उघडत नाही त्याला कुलूप असते, एवढाच त्यांचा अनुभव होता. काही जणी बेशुद्ध होऊन कोसळल्या, रेटा ढिला झाला, तेव्हा म्हाताऱ्याने सालटी निघेपर्यंत फटीत हात घालून दार लोटले आणि एकेकीला ओढून काढले.

संध्याकाळी मी कोठडीत गेलो आणि हे सगळे त्याला सांगितले. म्हटले, "चाचा, उद्या कैफियत वर जाईल. तुमची सुटका होईल. पण तुम्ही माझ्यापासून काहीतरी मागे ठेवले आहे."

तो रडला. मग म्हणाला, "ताला खोल्या, साखळी छोड्या, दरवाजे पे हाथ रख्या. और ठहर गया, साब."

"का?"

"दो थापां नै पडे थे."

चौदा वर्षे दोन थापा ऐकल्याशिवाय त्याने ते दार ढकलले नव्हते. आत किंकाळ्या चालू असताना त्याचा हात दारावर ठेवलेला राहिला आणि कान थापांची वाट पाहत राहिले. किती वेळ? तो म्हणाला, पाचसहा श्वास. मग भान येऊन त्याने ढकलले, तोवर आतला रेटा बसला होता.

हे मी लिहावे की नाही? लिहिले तर खटला पुन्हा त्याच्याच गळ्यात पडू शकत होता. जमादार मला म्हणाला, "साहेब, एवढं गाळा. म्हाताऱ्याचं काय चुकलं?" मी गाळले नाही. एकदा आळशी पंचनामा करून चुकलो होतो, आता दयेपोटी दुसरा खोटा कागद करायचा नव्हता. शिवाय माझी खात्री होती की सगळे लिहिले तरच ते पटेल. पदर झटकणारी बाई, हात पुढे करणारी मावशी आणि थापांची वाट पाहणारा चाऊस, तिघांनीही त्या क्षणी तेच केले जे त्यांच्याकडून रोज करवून घेतले जात होते. कैफियत घेऊन मी स्वतः मोहतमीम साहेबांपुढे उभा राहिलो. त्यांनी ती दोनदा वाचली.

"तुम्ही तर सगळ्यांनाच सोडून दिलेत," ते म्हणाले. "मग आरोपी कोण?"

"ज्याने ही रीत लावली आणि उघडे दार लपवले तो, हुजूर."

साहेब कडक होते, पण कागद वाचणारे होते. म्हातारा सुटला. मॅनेजरवर निष्काळजीपणाचा आणि पुरावा दडवल्याचा खटला झाला. शिक्षा झाली, माझ्या मते कमी झाली. सुटून बाहेर आल्यावर म्हातारा ठाण्याच्या पायरीवर उभा होता. मावशी आली. त्याच्या पायाशी वाकली. बाजूला सरकून त्याने तिला पायरीवर बसायला जागा करून दिली.

जिन पुन्हा सुरू होण्याआधी दारे बाहेर उघडणारी करावीत आणि कुलूप लावू नये, असा हुकूम मी वरून मिळवला. मला वाटले, काम फत्ते झाले. खात्री म्हणून पहिल्याच दिवशी अवेळी भोंगा वाजवायला लावला आणि बायकांना सांगितले, आग लागली असे समजून बाहेर पडा. दोन्ही दारे उघडी होती. सगळ्याच्या सगळ्या बायका जुन्या दाराकडे गेल्या. रुईच्या दाराने एकही नाही. आणि उंबऱ्यावर येऊन प्रत्येकीने पदर झटकला.

नवा मॅनेजर हसला. मला हसू आले नाही. बिजागऱ्या दोन दिवसांत बदलल्या होत्या, पण माणसाच्या पायांना बिजागऱ्या नसतात. मी म्हटले, आजपासून निम्म्या बायका रोज रुईच्या दारानेच सुटतील. तो म्हणाला, मग झडती कशी घ्यायची, रुई जाईल. मालकही तेच म्हणाला. तेव्हा मावशी पुढे आली. "झडती अंगणात घ्या," ती म्हणाली. "लिंबाखाली. एका दारासमोर म्या बसती, दुसऱ्या दारासमोर चाचाच्या घरच्या बसतील. दारात कुणी थांबायचं न्हाय. दारातून नुसतं भाईर यायचं." तिच्यासमोर नाही म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही. महिनाभर मी आठवड्यातून दोनदा जाऊन अवेळी भोंगा वाजवत होतो. चौथ्या आठवड्यात मागल्या टोकाच्या बायका दहा पावले टाकून, न थांबता बाहेर आल्या.

त्या प्रकरणाने मला दोन गोष्टी शिकवल्या. पंचनाम्यातले प्रत्येक दार मी त्यानंतर स्वतः उघडून पाहिले. आणि घाबरलेला माणूस डोक्याने चालत नाही, रोजच्या पायवाटेने चालतो, म्हणून संकटाची वाट त्याला रोजच्या दिवशी चालायला लावली पाहिजे. आजही थिएटरात गेलो की मी आधी दार कोणत्या बाजूला उघडते ते बघतो. घरचे याला म्हातारपण म्हणतात.

निवृत्तीनंतर एकदा तेरला जाताना मी मुद्दाम जिनापाशी उतरलो. मावशी नव्हती, चाऊसचाचा कधीचाच गेला होता. भोंगा झाला. दोन दारांनी दोन रांगा गप्पा मारत बाहेर पडल्या आणि लिंबाखाली येऊन पदर झटकू लागल्या. पुढची मुलगी विशीतली होती. मी विचारले, "बाळ, झडती इथे अंगणात का घेतात? दारातच का नाही?"

"काय की बाबा," ती म्हणाली. "पहिल्यापासनं आसंच हाय."

तिला काही सांगावे असे माझ्या तोंडाशी आले होते. पण ती तोवर पदर खोचून मैत्रिणींच्या मागे निघाली होती. मी रस्त्यावर आलो आणि तेरच्या गाडीची वाट पाहत उभा राहिलो.